ओझं उतरलं, हात डोक्यावरच

डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं तरी काही माणसं हात डोक्यावरच ठेवून बसतात. रेल्वेच्या बाकावर, दवाखान्याच्या ओट्यावर, एसटीच्या खिडकीशी. बघणाऱ्याला वाटतं, गडी काळजीत आहे. काळजी असतेच, पण हात वर जायचं कारण निराळं. मानेतून निघून हातात उतरणारी नस दबलेली असली की हात खाली सोडताच ती ताणली जाते आणि खांद्यापासून बोटांपर्यंत सणक जाते. तळवा टाळूवर टेकवला की नस सैल पडते, कळ जरा ओसरते. मणक्याचे डॉक्टर ही खूण मुद्दाम तपासून बघतात. दुखणाऱ्याला ती कुणी शिकवत नाही. रात्री दोन वाजता, झोप उडालेली असताना, त्याची त्यालाच ती सापडते.

यंदाच्या अंकासाठी ‘ओझं’ हा विषय आला आणि त्याचा माग चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरपर्यंत गेला, तो या डोक्यावरच्या हातामुळे.

वजनाचं गाव

वर्धा नदीच्या काठावरच्या या गावात जे येतं ते वजनाने येतं आणि जे जातं ते वजनाने जातं. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहचं नाव गावाला चिकटलेलं आहे. रेल्वे अजूनही स्टेशनला बल्लारशाहच म्हणते. मध्य रेल्वे इथे संपते, दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. स्टेशनच्या भिंतींवर वाघ आणि जंगल रंगवलेलं आहे. २०१८ मध्ये देशातल्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाहने पहिला नंबर काढला, तो या चित्रांच्या जोरावर. चित्रांपलीकडे मात्र सगळा भाराचा कारभार. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान इथल्या डेपोत येतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते इथूनच. गावाचं नाव देशभरच्या वह्यापुस्तकांत पोचवणारा कागद कारखाना, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आणि जिल्ह्यातले सिमेंटचे कारखाने यांच्याभोवती इथली रोजी फिरते.

यंत्रं आली. मोठा ओंडका आता क्रेन उचलते, कोळसा डंपरमधून जातो. पण ट्रकच्या फळक्यापासून गोदामातल्या थप्पीपर्यंतचं अंतर अजूनही माणसाच्या मानेवरून कापलं जातं. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. गडचिरोलीकडे सरकलं की ओझं बाईच्या डोक्यावर चढतं: सरपणाची मोळी, पाण्याची गुंडी, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे. उन्हाळ्याच्या तोंडावर मोह वेचायचा, आषाढात धानाची रोवणी करायची, म्हणजे कमरेत वाकून मान वर ताणलेली.

डोक्यावरच्या ओझ्याने मान झिजते का? पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशात, फ्रीटाऊन शहरात, हा प्रश्न सरळ विचारला गेला. डोक्यावर भार वाहणाऱ्या ३५ जणांचे आणि न वाहणाऱ्या ३५ जणांचे मानेचे एक्स-रे काढले. १९९७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात भार वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसली. दुसऱ्या गटात असे लोक चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. पण एक्स-रेतली झीज आणि हातातली कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावात नस दबलेल्या ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जड काम किंवा मार हे निमित्त सुमारे १५ टक्क्यांतच सापडलं. बाकीच्यांत असं कुठलंच निमित्त सापडलं नाही. म्हणजे हमालाची मान लवकर झिजते हे खरं, पण कारकुनाची सुटते असं नाही.

वरोऱ्याची मान

या दुखण्याचं चंद्रपूर जिल्ह्यातलं सगळ्यांत ठळक उदाहरण बल्लारशाहहून नागपूरकडे जाताना वाटेतच लागतं. वरोऱ्यात नगरपालिकेचं पद सांभाळत असताना बाबा आमटे स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहत असत. तेव्हाच त्यांना गटारीकडेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. माळरान फोडण्यात उमेदीची वर्षं गेली. मान आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणच्या स्पाँडिलोसिसने बाबांना बसणं अशक्य झालं. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ला निघाले तेही या कण्यासह, गाडीत आडवे पडून प्रवास करत. त्या दुखण्याचं बोट कुठल्या एका पाटीवर ठेवता येणार नाही. पण मणक्याचं दुखणं माणसाची बैठकच कशी हिरावून घेतं, हे चंद्रपूरकरांनी जवळून पाहिलेलं आहे.

‘गॅप’ नावाचा गोंधळ

‘मणक्यात गॅप आला’ हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही चहाटपरीवर ऐकू येतं. घडलेलं असतं नेमकं उलटं. गॅप येत नाही, असलेला गॅप कमी होतो.

मानेत सात मणके असतात. माणसाला सात, ताडोबातल्या वाघाला सात आणि त्याच्या तोंडी लागणाऱ्या चितळालाही सातच. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते: बाहेर चिवट कडं, आत ओलसर गर. वय वाढतं तशी गादी सुकते, चपटी होते. कधी कडं फाटून गर मागे सरकतो, कधी मणक्याच्या कडेला हाड वाढतं. दोन्ही बाजूंना नस बाहेर पडायची खिडकी असते. गादीचा तुकडा किंवा वाढलेलं हाड त्या खिडकीत घुसलं की नस चेपली जाते. ती नुसती चेपत नाही, सुजते आणि तिचा दाहही होतो. म्हणूनच दाब तोच असताना काही दिवस आग होते आणि काही दिवस बरं वाटतं.

दुखतो हात, बिघाड मानेत. माणूस खांदा चोळत बसतो, दंडाला तेल लावतो, मनगटाला धागा बांधतो. कुणी नस बसवणाऱ्याकडे जातं, कुणी पुजाऱ्याकडे. मान कुणाच्या लक्षातही येत नाही.

बोटं सांगतात पत्ता

चांगल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो: मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात? मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात आणि प्रत्येकीचा हातातला मुलूख ठरलेला आहे. अंगठा आणि तर्जनी बधिर, कोपर दुमडताना जोर कमी, तर सहावी नस. मधलं बोट बधिर, हात सरळ रेटताना दंडाच्या मागच्या बाजूला ताकद नाही, तर सातवी. सगळ्यांत जास्त वेळा दबते ती हीच. करंगळी आणि अनामिका जड, मूठ सैल, तर आठवी. हातोडीने सांध्यांजवळ ठोकून प्रतिसाद पाहायचा, मान दुखऱ्या बाजूला कलती करून हलकेच दाबायची. हातात कळ उतरली, तर नस मानेतच दबते आहे.

एमआरआयची पाळी यानंतर. रुग्ण मात्र फाईल पुढे करूनच बसतो आणि ‘तीन ठिकाणी डिस्क बल्ज’ वाचून त्याला घाम फुटतो. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ८७ टक्क्यांहून अधिक लोकांत गादी फुगलेली निघाली. फोटोतली गादी आणि बोटांतली मुंगी यांचा पत्ता जुळला, तरच त्या फोटोला किंमत.

हात जड पडला की या भागात पहिला शब्द निघतो ‘लकवा’. भीती उगाच नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण भागातल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठं कारण निघालं. साधारण सात मृत्यूंमागे एक. लकवा क्षणात येतो. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात, पाय किंवा दोन्ही जातात आणि बहुधा काही दुखत नाही. तेव्हा तास-मिनिटं मोजत दवाखाना गाठायचा. मानेतली नस दबली तर कळ आधी येते, एकाच हाताच्या एका पट्ट्यात राहते, चेहरा नि वाचा शाबूत असते.

दहातले नऊ

आता चांगली बातमी. रोचेस्टरच्या त्याच नोंदींत शेवटच्या तपासणीपर्यंत ९० टक्के रुग्णांना एकतर त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ उरला होता. शस्त्रक्रिया झाली होती ती साधारण चौघांत एकाची. १९९४ मध्ये छापलेल्या या अभ्यासाचे पहिले लेखक केरळचे डॉ. के. राधाकृष्णन, पुढे त्यांनी तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था चालवली. सरकलेल्या गादीचा तुकडा बऱ्याचदा आपोआप आक्रसतो, नसेची सूज उतरते. पहिले सहा आठवडे गोळ्या, बेताची हालचाल, काही दिवस मानेचा पट्टा, मग व्यायाम.

हॉलंडमध्ये दुखणं ताजं असलेल्या २०५ रुग्णांवर २००९ मध्ये हेच तपासलं. पट्टा किंवा व्यायाम यांनी पहिल्या सहा आठवड्यांत हाताची कळ लवकर उतरली. सहा महिन्यांनी मात्र काहीच न केलेलेही त्यांच्या बरोबरीला आले. स्वीडनमध्ये ८१ रुग्णांत शस्त्रक्रिया, व्यायाम आणि पट्टा यांची तुलना झाली. सुरुवातीला शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळाला, वर्षअखेर तिन्ही गट जवळपास सारखे झाले.

पण ‘सहा आठवडे ओझं उचलू नका’ हे चिठ्ठीवर लिहायला सोपं. रोजंदारीच्या माणसाला सहा आठवडे म्हणजे ४२ दिवसांची रोजी. समजा, डेपोतला एक हमाल आहे. तो दोन दिवस घरी बसतो, तिसऱ्या दिवशी गोळी खाऊन पुन्हा थप्पीवर चढतो. पट्टा खुंटीला टांगलेला राहतो. शहरातल्या कारकुनाची नस ज्या सहा आठवड्यांत बरी होते, ते सहा आठवडे हमालाच्या नसेला मिळतच नाहीत.

थांबायचं कुठवर, यालाही हद्द आहे. सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही कळ झोपू देत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. हातातली ताकद उतरत चालली असेल तर तेवढंही थांबायचं नाही. आणि एका दुखण्यात तर थांबणं हाच धोका. नसेऐवजी मज्जारज्जूच दाबला गेला तर फारसं दुखतही नाही. शर्टाची गुंडी लागत नाही, भात कालवताना बोटं अडखळतात, अंधारात चालताना तोल जातो, पाय ताठरतात. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो. कमी झालेली ही ताकद पुढे शस्त्रक्रिया करूनही पूर्ण परतेलच असं नसतं. शस्त्रक्रिया मुख्यतः पुढची घसरण थांबवते.

गळ्यातून वाट

दुखणं मानेच्या मागे वाटतं, सर्जन मात्र बहुधा गळ्याच्या पुढून शिरतो. हे ऐकून नातेवाईक बिचकतात. कारण साधं आहे: गादी मज्जारज्जूच्या पुढे असते. मागून गेलं तर रज्जू ओलांडावा लागेल. पुढून गेलं तर वाट जवळजवळ मोकळी. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांनी रुळवली.

पूर्ण भूल दिल्यावर गळ्याच्या एका बाजूला, कातडीच्या वळीत, तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत, बाजूला सारावे लागतात. श्वासनलिका नि अन्ननलिका एका अंगाला, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगाला. मधल्या फटीतून मणका दिसतो. तो बरोबर कितवा, हे टेबलाशी लावलेल्या एक्स-रे यंत्रावर पक्कं करून घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गादी कणाकणाने काढायची, मागचे हाडाचे काटे बारीक ड्रिलने घासायचे, नस मोकळी झालेली डोळ्यांनी बघायची. रिकाम्या जागेत हाडाचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा, टायटॅनियमचा पिंजरा बसवतात. वरून पट्टी नि स्क्रू. पुढच्या काही महिन्यांत दोन मणके एकजीव होतात. काहींत पिंजऱ्याऐवजी हलणारी कृत्रिम गादी बसवता येते. नस फक्त कडेच्या खिडकीत अडकली असेल तर मागून छोटं भोक पाडून ती खिडकी रुंद करता येते.

बऱ्याच जणांची हातातली कळ शुद्धीवर आल्यावरच उतरलेली असते. बधिरपणा सावकाश जातो, ताकद त्याहून सावकाश. काही दिवस गिळताना घसा अडतो, आवाज बसतो.

धोके आहेत. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर मुंबईत गिरगावच्या एच. एन. रिलायन्स रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गळ्यात पट्टा घातलेले मुख्यमंत्री साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि ‘सर्व्हायकल’ हा शब्द घरोघरी पोचला. २ डिसेंबरला ते घरी परतले. जुलै २०२२ मध्ये ‘सामना’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनीच सांगितलं, की पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सावरत असताना मानेखालची हालचाल थांबली होती. रक्ताची गुठळी झाली होती आणि वेळेत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. अशी गुठळी विरळा, पण माहीत असलेला धोका आहे. म्हणूनच ‘इथे ऑपरेशन होतं का’ एवढं विचारून भागत नाही. रात्री-अपरात्री पुन्हा टेबलावर घेण्याची सोय आहे का, हेही विचारावं लागतं.

गिरगाव ते चातगाव

मुख्यमंत्र्यांची ती शस्त्रक्रिया केली डॉ. शेखर भोजराज यांनी. हे नाव गडचिरोलीला नवं नव्हतं. भोजराज यांनी उभ्या केलेल्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर मुंबईहून येऊन डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राममध्ये मणक्याच्या रुग्णांची शिबिरं घेत आले आहेत. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला, चातगावजवळ, जंगलात हे शोधग्राम आहे. तिथल्या रुग्णालयाला नाव आहे माँ दंतेश्वरीचं, कारण आदिवासींनी दवाखाना देवीच्या नावाने मागितला. ज्या हातांनी गिरगावात मुख्यमंत्र्यांची मान उघडली, ते हात मोहाच्या झाडांत वसलेल्या या दवाखान्यापर्यंत पोचतात.

अशी शिबिरं अमुक तारखेला भरतात. नस तारीख बघून दबत नाही. एरवीसाठी वाट रेल्वेची. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तिथे होऊ शकते. सूक्ष्मदर्शकाखालच्या कामासाठी बहुधा पुढे जावं लागतं. बल्लारशाहहून निघालेली गाडी चंद्रपूर, भांदक, वरोरा, हिंगणघाट करत सेवाग्रामला थांबते. तिथे कस्तुरबा रुग्णालय. तीच गाडी पुढे नागपूर गाठते. तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आणि मिहानमधलं एम्स. राजुरा-सिरोंचाकडची माणसं तेलंगणाच्या बाजूला वारंगळ, हैदराबाद धरतात.

पैशाची बाजू पूर्वीइतकी अंधारी नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत गडचिरोली होतं. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबामागचं वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मणक्याच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. बसत नाही ती बुडालेली रोजी, सोबतच्या माणसाचं जेवण आणि दुसऱ्या तपासणीचं तिकीट. त्यामुळे पहिल्या खेपेला आलेला रुग्ण दुसऱ्या खेपेला येतोच असं नाही.

पिशवीतला खर्रा

वॉर्डात रुग्णाच्या उशाखाली हमखास सापडते ती खर्र्याची पुडी. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा या दोन जिल्ह्यांत चहाच्या आधी पुढे केला जातो. दातांचं, गालाचं नुकसान लोकांना ठाऊक आहे. मानेशी त्याचा संबंध कुणाला सुचत नाही. निकोटिन हाडाला होणारा रक्तपुरवठा कमी करतं आणि दोन मणके एकजीव व्हायला त्यामुळे अडथळा येतो. बिडी ओढा की खर्रा चघळा, निकोटिन रक्तात जातंच. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध काम करतं आहे. शस्त्रक्रिया ठरल्यावर तरी पुडी बंद, हे सर्जन बजावून सांगतात.

दुसरी अट कामाची. एका सांध्याची हालचाल थांबली की वरच्या-खालच्या गादीवर ताण वाढतो. दहा वर्षांत साधारण चौघांत एकाला शेजारच्या सांध्याचा त्रास होतो असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. टेबलावर बसून काम करणारा काही आठवड्यांत कामावर परततो. डोक्यावर गोणी घेणाऱ्याला हाड पूर्ण जुळेपर्यंत काही महिने थांबावं लागतं आणि नंतरही ओझं डोक्यावरून हातगाडीवर न्यावं लागतं. मोकळी झालेली नस पुन्हा ५० किलोखाली गेली, तर पिंजरा कितीही भारी असो, उपयोग नाही.

तेव्हा हा अंक खाली ठेवण्याआधी एक करून बघा. घरात, शेजारी, दुकानाच्या थप्पीवर जो कोणी आयुष्यभर डोक्यावर भार वाहत आला आहे, त्याला हात समोर धरून मूठ उघड-मीट करायला सांगा, जमेल तितक्या वेगाने. धडधाकट माणसाची १० सेकंदांत २० वेळा होते. आकडा बराच खाली राहिला, शर्टाची गुंडी लागत नसली, चालताना तोल जात असला, तर तेल चोळण्यात दिवस घालवू नका. चंद्रपूरला चिठ्ठी काढा, नाहीतर सेवाग्राम-नागपूरची गाडी धरा. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर बोटं आधी दाखवा, एमआरआयची फाईल नंतर.